नववी ‘ब’मधली जर्मनी

आमच्या सरांना जर्मन शिकवता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही उगीच आशेवर राहाल, जशी मी वर्षभर राहिले.

मी नर्स. गाव उमापूर, नोकरी गेवराईतल्या एका खाजगी दवाखान्यात. जर्मनीला नर्स लागतात, वायरमन लागतात, ड्रायव्हर लागतात, अशी हवा आमच्याकडे आली तेव्हा निम्म्या तालुक्याच्या मोबाईलवर एकच मेसेज फिरत होता. नोकरी पक्की, फक्त त्यांच्या भाषेची परीक्षा द्या. आता गेवराईत जर्मन शिकवणार कोण? तर एका संस्थेच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवणारे एक सर निघाले. म्हणे कधीकाळी संभाजीनगरला राहून त्यांनी जर्मनचा कोर्स केलेला. तो कोर्स इतकी वर्षं कपाटातल्या कोटासारखा पडून होता, तो त्यांनी झटकून अंगावर घातला. शाळा सुटली की नववी ‘ब’च्या वर्गात जर्मनचा क्लास.

नववी ‘ब’ची बाकं म्हणजे काय, बसल्याशिवाय कळायचं नाही. आम्ही सगळी मोठी माणसं. दोन-तीन नर्सा, एक आयटीआय झालेला वायरमन, एक जण तर दोन लेकरांचा बाप. गुडघे बाकाला आपटायचे. भिंतीवर पिकांचा नकाशा, कोपऱ्यात कुणीतरी कर्कटकानं कोरलेलं बदाम, आणि फळ्याशेजारी एक खिळा. त्या खिळ्याला सरांचा टाय टांगलेला असायचा. गाठ आधीच मारून ठेवलेली. सर यायचे, टाय खिळ्यावरनं काढून हार घातल्यासारखा गळ्यात घालायचे, अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर, एप्रिल महिन्याच्या उकाड्यात, आणि म्हणायचे, “जर्मनी हा शिस्तीचा देश हाय.” हे म्हणेपर्यंत क्लासची वेळ निम्मी उलटून गेलेली असायची. आम्ही तोवर बाकावर बसून एकमेकांचं तोंड बघत असायचो.

शिस्तीबद्दल तर विचारूच नका. जर्मनीत कुणी कुणाच्या दारात न सांगता जात नाही, हे त्यांनी आम्हाला कितीदा सांगितलं असेल. आणि हाच माणूस भर ओपीडीत, बाहेर पेशंटची रांग लागलेली असताना, सरळ आत घुसायचा. “सिस्टर, जरा बीपी बघा बरं.” बीपी बघेपर्यंत खुर्ची ओढून बसायचा, वॉर्डातल्या मावशींना चहा सांगायचा आणि माझ्या पेशंटला जर्मनीतल्या स्वच्छतेविषयी व्याख्यान द्यायचा. जर्मनी यानं बघितली होती कुठं? हैदराबादच्या पुढं हा माणूस गेला नव्हता. पण बोलणं असं की काल सकाळीच तिकडून अंघोळ करून आलाय.

शिकवण्याची रीत ऐकायची? तर ऐका. जर्मन भाषेत वस्तूंनाही पुरुष, बाई, पोर असे प्रकार असतात. ते कसे लक्षात ठेवायचे, यावर सरांचा उपाय एकच, बोंबलायचं. सर फळ्यावर छडी मारायचे.

“चमचा कोण?”

आम्ही सगळे, “बाप्या!”

“काटा?”

“बाई!”

“सुरी?”

“पोरगं!”

शाळेच्या मागच्या बाजूला पिठाची गिरणी होती. दळण घेऊन आलेल्या बाया खिडकीपाशी थांबून आमचा तमाशा बघायच्या. एकीनं मला नंतर रस्त्यात गाठून विचारलं, “बाई, सुरी पोरगं झाल्यावर चमचा तिचा बाप व्हय गं?” मला नीट कळलेलं असतं तर उत्तर दिलं असतं.

दुसरी रीत पाठांतराची. “पाठ करा,” सर म्हणायचे, “समजायची घाई करू नका. समजणं आपोआप येतंय मागून, गाडीमागं वासरू येतं तसं.” आम्ही पानंच्या पानं पाठ केली. वासरू काही आलं नाही. परीक्षेच्या गोष्टीतही त्यांनी दहावीचीच पद्धत लावली होती. दहावीला कसं, अमका प्रश्न येणारच म्हणून फुली मारून देतात, तशी यांनी तोंडी परीक्षेच्या विषयावर फुली मारली. तोंडी परीक्षेत दोघांना समोरासमोर बसवून एखादी गोष्ट मिळून ठरवायला सांगतात. कुणी सहल ठरवतं, कुणी निरोपसमारंभ. सरांनी छातीवर हात मारून सांगितलं, “वाढदिवस येणार. लिहून घ्या.” मग आम्ही सगळे दिवसरात्र वाढदिवस घोकत होतो. केक कुणी आणायचा, फुगे कुणी फुगवायचे, संगीत कुणी वाजवायचं.

वायरमननं एकदा भीत भीत विचारलं, “सर, वाढदिवस न्हाई आला तर?”

“न यायला काय झालं बे? वाढदिवस कुणाचा येत न्हाई?”

वायरमन खाली बसला आणि पुन्हा फुगे फुगवायला लागला.

पण या सगळ्यापेक्षा माझं डोकं कशानं फिरायचं, तर सर कुणाला वाक्य पुरं करू द्यायचे नाहीत. आपण तोंड उघडायचा अवकाश, पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात तयार. मी उभी राहून म्हणायचे, “मला हवी आहे...” की सर पटकन, “कॉफी! शाबास, बसा.” मला कॉफी नको होती हो. मला खिडकी बंद हवी होती, कारण गिरणीचं पीठ आत येत होतं. वर्षभर मी नववी ‘ब’मध्ये उभी राहून कॉफी मागत राहिले आणि पीठ खात राहिले. जर्मनच नाही, मराठीतही तेच. एकदा मी सांगायला गेले, “सर, उद्या मला सुट्टी पाहिजे, कारण आईला...” तर हे म्हणाले, “मोतीबिंदू! मला वाटलंच हुतं. डोळे जपा म्हणाव.” आईला पाहायला मामा येणार होते. सरांनी तिचं ऑपरेशन करून टाकलं.

आता हसू येतं, पण तेव्हा मला हसायची सोय नव्हती. कारण माझ्या मानेवर तात्या बसले होते.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वडील गेल्यापासून घरातला शब्द त्यांचा. जमीन त्यांच्या नजरेखाली, भाऊबंदकीत वजन, तालुक्याच्या पुढाऱ्यांकडं उठबस. पांढरं धोतर-सदरा कायम कडक इस्त्रीचा. त्यांनी माझ्यासाठी चकलांब्याचं स्थळ आणलं होतं. मुलाच्या बायोडाट्यात शिक्षणाच्या जागी ‘स्वतःचे दोन जेसीबी’ असं लिहिलेलं. बघायला आला तेव्हा पोह्यांची ताटली हातात धरून पूर्ण वेळ फोनवर डिझेलबद्दल बोलत होता. माझ्याकडं एकदा बघितलं, तेही मी आडवी आले म्हणून. मी आईला स्पष्ट सांगितलं, मला जर्मनीला जायचंय. आई तात्यांच्या पाया पडली. तात्या म्हणाले, “बरं. एक डाव बसू दे तिला. पास झाली तर मी सोता धाडतो जर्मनीला. नापास झाली तर चकलांबा. मंग पुन्हा तोंड उघडायचं न्हाई.” आणि माझा पासपोर्ट ‘सांभाळायला म्हणून’ आपल्या कपाटात ठेवून घेतला.

चकलांब्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, गाव चांगलं आहे. पण मला जेसीबीशी संसार करायचा नव्हता. एक परीक्षा, एकच संधी, आणि माझी सगळी भिस्त अशा माणसावर जो चमच्याला बाप्या म्हणून फळ्यावर छडी मारतो! मी सरांना सगळं सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला, निम्मी वाक्यं त्यांनीच पुरी केली. शेवटी म्हणाले, “सिस्टर, काळजी कशाला करता? मी हाय ना.” मी मनात म्हटलं, तीच तर काळजी आहे.

परीक्षा पुण्याला. आदल्या दुपारच्या एसटीनं आम्ही सगळे निघालो. स्टँडवर बघते तर सर टाय घालून उभे. मला वाटलं, निरोप द्यायला आलेत. तर गाडीत चढले आणि खिडकीची जागा धरली. म्हणाले, “लेकरांला एकटं कसं धाडावं?” त्या लेकरांत दोन लेकरांचा बापही होता. नगर येईपर्यंत गाडीतल्या परक्या लोकांना त्यांनी जर्मनीतल्या बसगाड्या सेकंदाला सेकंद कशा सुटतात ते सांगितलं. आमची एसटी तोवर एका पंपावर हवा भरायला थांबून राहिली होती आणि ड्रायव्हर चहाला गेलता.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या ठिकाणी आम्ही आधार कार्ड आणि हॉल तिकीट हातात धरून रांगेत उभे राहिलो. आमच्या पाठीमागे सरही. मी म्हटलं, “सर, तुम्ही बाहेर थांबा, आत सोडणार नाहीत.” तर त्यांनी खिशातून स्वतःचं हॉल तिकीट काढलं. त्याच परीक्षेचं! जी परीक्षा आम्हाला शिकवली, ती हा माणूस स्वतः पास नव्हता. त्याच्या खालची एक परीक्षा कधीकाळी दिलेली, तेवढ्यावर हे दुकान. आणि यंदा पहिल्यांदाच बसत होता असंही नाही. रांगेवरच्या शिपायानं त्यांना ओळखून हात केला, “या सर, या साली पण?”

वायरमनचं तोंड उघडं पडलं. सर जराही वरमले नाहीत. म्हणाले, “पेपर कसा काढतेत ते आतून बघावं लागतंय. तुमच्यासाठीच बसतो मी.” थापेला तर काही सीमा असावी! मला तिथंच रडू यायला लागलं होतं, पण रडायला वेळ नव्हता, घंटा झाली.

लेखी कशीबशी पार पडली. दुपारी तोंडी. दारावर जोड्यांचा कागद लावला होता. मी बोट फिरवत माझं नाव शोधलं. माझ्या नावापुढं सरांचं नाव होतं.

जो माणूस मला वर्षभर ‘कॉफी’च्या पुढं जाऊ देत नव्हता, त्याच्यासमोर बसून मला बरोबरीनं बोलायचं होतं, त्याचं म्हणणं खोडायचं होतं. खोडलं नाही, नुसतं ‘हो सर, हो सर’ केलं, तर मार्क नाहीत. आणि आपल्याकडं सर बोलत असताना मान वर करून ‘नाही’ म्हणायची रीत आहे का? पहिलीपासून आजवर मी कुठल्या मास्तरला नाही म्हटलेलं नव्हतं. डोळ्यांपुढं जेसीबी यायला लागला.

आत दोन परीक्षक. एक पुण्याच्या बाई, एक गोऱ्या जर्मन बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. विषयाचा कागद दिला. वाढदिवस नव्हता. विषय होता, तुमचा एक सहकारी आजारी आहे, दवाखान्यात आहे, त्याला भेटायला जायचं ठरवा. कधी जाल, कसे जाल, काय न्याल.

सर लगेच सुरू झाले. पाठ केलेला वाढदिवसच त्यांनी दवाखान्यात नेऊन बसवला. जर्मनमध्ये म्हणाले, आपण सगळे जाऊ. मी म्हटलं, सगळे म्हणजे किती? तर म्हणाले, चाळीस माणसं. एक जीप पुरणार नाही, दोन करू. घरून डबा नेऊ, भाकरी, मटण. शहाळी, बिस्किटाचे पुडे. सगळ्यांनी मिळून जेवू. मग मी दोन शब्द बोलेन आणि आपण त्याचा छोटासा सत्कार करू.

पेशंटचा सत्कार!

आता माझं काय झालं ते ऐका. त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डात एका म्हाताऱ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि आख्खी भावकी त्याच्या खाटेवर चढून बसली होती. एक जण सलाईनच्या स्टँडला पिशवी अडकवत होता. दुसरा साखरेच्या पेशंटला लाडू भरवत होता. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. ती सगळी आग माझ्या पोटात तशीच होती. आणि समोर हा माणूस चाळीस जण आणि मटण घेऊन यायला निघाला होता, जर्मनीतल्या दवाखान्यात! मी विसरलेच की परीक्षा आहे. मला समोर फक्त वॉर्डाचं दार दिसत होतं आणि दारात सर.

मी म्हटलं, नाही. जर्मनमध्ये. दोन माणसं. दोनपेक्षा एक जास्त नाही. सर म्हणायला लागले, “पण माणुसकी...” मी म्हटलं, माणुसकी बाहेर ठेवा, हात धुवून आत या. बाहेरचं खाणं चालणार नाही. त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, तो मटण खाईल की मरेल? खाटेवर बसायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. भाषण तर मुळीच नाही. पेशंटला झोप पाहिजे, त्याला तुमचं तोंड बघायची हौस नाही. सरांनी नेहमीप्रमाणं माझं वाक्य उचललं, मी थांबले नाही. त्यांनी पुन्हा उचललं. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, “थांबा! आता मी बोलते!”

शब्द कुठून आले मला ठाऊक नाही. चुकत असतील, आडवेतिडवे असतील. पण पाठ केलेला त्यात एकही नव्हता. जर्मन बाईंनी चष्मा काढून हातात घेतला होता. पुण्याच्या बाई ओठ दाबून कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

आणि सर गप झाले. पार गप. हात मांडीवर ठेवून, नववीतलं पोरगं बसावं तसे बसले. परीक्षक बाईंनी दोनदा त्यांना बोलतं करायचा प्रयत्न केला, तर माझ्याकडं हात दाखवला, यांना बोलू द्या म्हणून. पुढं प्रत्येकानं एकट्यानं एका विषयावर बोलायचा भाग आला, तिथंही त्यांनी आपलं भाषण दोन-चार वाक्यांत आवरलं. वर्षभर ज्यानं आमच्या डोक्यात खिळे ठोकले, त्याची एका नर्सच्या आवाजानं दातखीळ बसली. मला मनातल्या मनात लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

बाहेर आल्यावर मी विचारलं, “सर, गप कावून बसलात?”

टाय सारखा करत म्हणाले, “मुद्दाम. तुमाला बोलू द्यायचं हुतं.”

घ्या! निकाल लागायच्या आधीच नापास होण्याचं कारण तयार. मी हसू आवरायला रस्त्याकडं तोंड केलं. परतीच्या गाडीत वायरमनला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो इतका हसला की पुढच्या सीटवरचा माणूस उठून बसला.

निकाल लागला. मी पास, तोंडीत सगळ्यांत जास्त मार्क. वायरमन पास. बाकीचे लेखीतच अडकले. सर नापास, तोंडीतच. मी गावभर सांगत सुटले की आमच्या सरांना जर्मनचा जही येत नाही. सर मात्र भेटेल त्याला तेच सांगत होते, “मुद्दाम गप बसलो हो, पोरीचं भलं व्हावं म्हून.” लोकही असे, माना डोलवायचे. माझ्या अंगाची आग व्हायची.

आणि इकडं तात्या फिरले. मी पेढे घेऊन गेले तर म्हणाले, “पास झाली ते बरंच झालं. पण एकट्या पोरीला तिकडं कसं धाडावं? लोक शेण घालतील तोंडात. तवा आपलं आसंच म्हणलतो मी. तू नापास हुशील वाटलं हुतं.” चकलांब्याचे लोक थांबलेत म्हणाले. मी पासपोर्ट मागितला. “सापडंना,” म्हणाले. किल्ली कमरेला होती. आईनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. तिकडच्या नर्सिंग होमचं पत्र येऊन पडलं होतं, व्हिसाची तारीख जवळ येत होती, आणि पासपोर्टशिवाय मी म्हणजे पुन्हा उमापूरच. आठवडाभर मी तात्यांशी बोलले नाही, त्यांना काही फरक पडला नाही.

तेवढ्यात संस्थेनं आमचा सत्कार ठेवला. शाळेच्या मैदानात मंडप, खुर्च्या, आणि हौसेचा बॅनर. बॅनरवर माझा फोटो सुपारीएवढा आणि सरांचा नारळाएवढा. संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे तालुक्यातले साहेब, मधल्या खुर्चीवर. पहिल्या रांगेत तात्या, कडक इस्त्रीत, साहेबांची नजर आपल्यावर पडते का बघत. माइक अर्थात सरांच्या हातात. मांजरसुंब्याच्या धाब्याचं उद्घाटन असो की कुणाची सेवानिवृत्ती, माइक हा माणूस दुसऱ्याला धरू देत नाही. त्यांनी सुरुवातच केली, “माझ्या हाताखाली घडलेली ही कन्या...” आणि मग ती पुण्याची गोष्ट, मुद्दाम गप बसल्याची, चांगली तिखटमीठ लावून. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, “वा सर!”

माझ्या गळ्यात हार, खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि डोक्यात नुसता जाळ. सर म्हणाले, “आता सिस्टर जर्मनमधून दोन शब्द बोलतील. मी लगेच मराठीत सांगतो.”

मी माइक घेतला. मैदानात जर्मन कळणारं कोण होतं? नापास झालेले फिरकलेच नव्हते. एक वायरमन, तोही आपला हार घेऊन मागं खुर्च्या लावायला गेला होता. आणि सरांना तर येतच नाही, असं मी धरून चालले होते. मी मनसोक्त सुटले. जर्मनमध्ये म्हटलं, या माणसावर विश्वास ठेवू नका. याला शिकवता येत नाही. यानं मला बुडवायचंच बाकी ठेवलं होतं. हा खोटारडा आहे, हा मूर्ख आहे. आणि याच्याहून खोटारडे समोर बसलेत, पांढऱ्या कपड्यांत. माझ्या चुलत्यांनी शब्द दिला होता, पास झालीस तर जर्मनीला पाठवतो. आता शब्द फिरवलाय. माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहे आणि किल्ली कमरेला. बोलता बोलता माझा आवाज चिरकला. लोकांना वाटलं, पोरीला गहिवरून आलं. बाया डोळे पुसायला लागल्या.

मी माइक दिला. सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तात्यांकडं. मग घसा खाकरला.

“सिस्टर म्हणतेत,” सर म्हणाले, “माझं श्रेय कुणाला, तर माझ्या तात्यांला. वडील गेल्यावर त्यांनी शब्द दिलता, पास झालीस तर मी सोता तुला जर्मनीला धाडतो. आन् तात्यांनी तो शब्द पाळला! पासपोर्ट त्यांनी आपल्या कपाटात जिवापाड जपून ठिवलाय. उद्या सकाळी साहेबांच्या हस्ते तो ह्या पोरीच्या हातात देनार हायेत. जोरदार टाळ्या तात्यांसाठी!”

मैदान दणाणलं. तात्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. साहेब खुर्चीतून वाकून म्हणाले, “असा चुलता पायजे! उद्या सकाळी या वाड्यावर, पोरीला घिऊन.” तात्या काय करणार? उठले, चारी बाजूंनी हात जोडले. बसताना त्यांचा हात आपोआप कमरेच्या किल्लीकडं गेला. आई बायांच्या घोळक्यात उभी होती, तिनं पहिल्यांदा पदर तोंडावरनं बाजूला केला.

कार्यक्रम संपला. लोक चहाकडं पांगले. सर स्टेजवर माइकची वायर गुंडाळत होते. मी शाल-नारळ सावरत समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, “सिस्टर, त्यो मूर्खवाला शब्द तिकडं कुणाला वापरू नका. केस करतेत लोकं. दंड पडतो.”

माझ्या भाषणातला एक शब्दही या माणसाच्या कानातून निसटला नव्हता. पुण्यात मग हा काय म्हणून गप बसला होता, हे विचारायला मी तोंड उघडलं, “सर, पुण्याला तुम्ही...”

“चहा!” सर म्हणाले. “चला, गार हुतोय.” आणि वायरचं भेंडोळं खांद्याला अडकवून ते माझ्या आधी निघूनही गेले.